पावती देणारे चोर

टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) या इंग्रज लेखकाच्या 'डिस्कवर्ल्ड' कादंबऱ्यांत आंख-मॉर्पोर्क नावाचे एक काल्पनिक नगर आहे. तेथे चोर चोरी करतो आणि पावती देतो. चोरांचा रीतसर संघ आहे, संघाला अध्यक्ष आहे, कचेरी आहे, आणि वर्षभरात नगरात किती चोऱ्या व्हाव्यात याचा कोटा आधीच ठरलेला आहे. ज्या गृहस्थाला रस्त्यात अडवले जाण्याची दगदग नको असेल त्याने संघाकडे वार्षिक वर्गणी भरावी आणि निर्धास्त फिरावे. मध्ययुगीन युरोपातील 'गिल्ड'ची ही विडंबित आवृत्ती होय. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर ही चोरांची श्रेणी. विणकरांच्या, तेल्यांच्या श्रेणी असू शकतात, मग चोरांनीच कोणाचे घोडे मारले, अशा थाटात प्रॅचेट हे सारे सांगत जातो.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'गार्ड्स! गार्ड्स!' या कादंबरीत ही व्यवस्था कशी जन्माला आली ते कळते. नगराचा सर्वाधिकारी लॉर्ड व्हेटिनारी टोळ्यांच्या म्होरक्यांना बोलावून घेतो. त्याचे म्हणणे साधे आहे. गुन्हे होणारच असतील तर ते निदान संघटित असावेत. म्होरक्यांना ही मांडवली पसंत पडते. ते अंधारातून उजेडात येतात, चांगली घरे घेतात, मुलांना चांगल्या शाळांत घालतात, चारचौघांत त्यांची प्रतिष्ठित म्हणून गणना होऊ लागते. मग एके दिवशी व्हेटिनारी त्यांना पुन्हा बोलावतो आणि शांतपणे कळवतो की, तुम्ही कोण, कोठे राहता, तुमची मुले कोणत्या शाळेत जातात, हे सारे आता मला ठाऊक झाले आहे. यापुढे कोट्याबाहेर चोरी होता कामा नये. परवाना नसलेल्या चोराला आवरण्याचे काम तुमचेच. परिणाम असा की, चोरांचा संघ हाच नगरातला सर्वांत कडक पोलीस ठरतो. बिनपरवाना चोर त्याच्या हाती सापडला तर त्यापेक्षा सरकारी तुरुंग बरा, अशी त्याची दहशत.

मग खऱ्या पोलिसांनी काय करायचे? त्यांनी रात्री घंटा वाजवत हिंडावे आणि सर्व काही ठीक आहे असे ओरडावे. कादंबरीच्या आरंभी रात्रीच्या गस्तीत तीनच माणसे उरली आहेत. कप्तान व्हाइम्स दारूच्या नशेत गटारात पडलेला आहे. सार्जंट कोलन आणि कॉर्पोरल नॉब्स हे दोघे कोणताही प्रसंग टळून गेल्यावर तेथे पोचण्यात वाकबगार आहेत. गॅस्किन नावाचा त्यांचा एक सहकारी नुकताच वारला आहे. त्याची चूक एवढीच की तो गुन्हेगाराच्या मागे जरा जास्त वेगाने धावला आणि त्याने त्याला गाठले. पोलिसाने पाठलाग जरूर करावा, गाठू मात्र नये, हा या सहजीवनाचा अलिखित नियम. हे वाचताना हसू येते, आणि हसता हसता आपल्याला हा नियम आधीपासून माहीत होता असेही जाणवते.

या गस्तीत कॅरट नावाचा एक तरुण येऊन दाखल होतो. तो डोंगरात, बुटक्यांच्या घरी वाढलेला आहे. नगराचे कायदे ज्यात छापले आहेत ते जुने पुस्तक त्याने अक्षरशः पाठ केले आहे. पुस्तकात चोरी हा गुन्हा आहे, म्हणून तो सरळ चोरसंघाच्या अध्यक्षालाच पकडतो. सारे नगर अवाक् होते. कोणी कॅरटला चुकीचे ठरवू शकत नाही, कारण कायद्याचे कलम त्याच्या बाजूने आहे, आणि कोणी त्याला बरोबरही म्हणू शकत नाही, कारण त्याने गावाची घडी विस्कटली आहे. विनोदी कादंबरीतील हा प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. कायदा रद्द झालेला नाही, तो पुस्तकात आहे, फक्त कोणी तो वाचत नाही. मांडवलीवर चालणाऱ्या समाजाला बंडखोराची फारशी धास्ती नसते, त्याला तो विकत घेऊ शकतो. लिहिलेले शब्दशः वाचणारा भाबडा माणूस त्याला परवडत नाही. (साहित्याच्या प्राध्यापकांना हे पात्र आवडावे यात नवल ते काय!)

ही कल्पना प्रॅचेटची एकट्याची नाही. तिचे मूळ शोधत गेले की २९ जानेवारी १७२८ या दिवसापाशी आपण पोचतो. त्या दिवशी लंडनमध्ये जॉन गे याच्या 'द बेगर्स ऑपेरा'चा पहिला प्रयोग झाला आणि पहिल्याच हंगामात त्याचे बासष्ट प्रयोग झाले. त्या काळात ही संख्या अफाट होती. पडदा उघडतो तेव्हा पीचम नावाचा गृहस्थ हिशेबाची वही घेऊन बसलेला आहे. चोरांकडून माल विकत घेणे हा त्याचा एक धंदा, आणि त्याच चोरांना न्यायालयाच्या हवाली करून सरकारी बक्षीस मिळवणे हा दुसरा. दरोडेखोराला शिक्षा झाली तर पकडून देणाऱ्यास चाळीस पौंड मिळत. त्यामुळे पीचम वही चाळताना एकेका चोराची कमाई पाहतो आणि कोणाला आणखी काही दिवस जगू द्यायचे, कोणाला पुढच्या सत्रात फासावर चढवायचे, ते ठरवतो. आळशी चोर फासावर जातो, कष्टाळू वाचतो. उद्योगशीलतेचा एवढा क्रूर गौरव क्वचितच कोणी केला असेल.

पीचमचा भागीदार लॉकिट हा न्यूगेट तुरुंगाचा अधिकारी आहे. मॅकहीथ हा दरोडेखोर तुरुंगात येतो तेव्हा लॉकिट त्याच्यापुढे निरनिराळ्या वजनाच्या बेड्या मांडतो आणि त्यांचे दर सांगतो. बेडी जितकी हलकी तितकी महाग. कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवावेत तसा हा प्रसंग आहे. पुढे पीचम आणि लॉकिट यांच्यात वाटणीवरून जुंपते, एकमेकांच्या गळ्याला हात जातात, आणि लगेच दोघांच्याही लक्षात येते की आपण एकमेकांना फासावर पोचवू शकतो. तेथे भांडण मिटते. दोघांना बांधून ठेवणारा जिव्हाळा तो एवढाच.

गेला हे सुचण्यासाठी कल्पनाशक्ती ताणावी लागली नव्हती. जोनाथन वाइल्ड नावाचा माणूस लंडनमध्ये स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सरसेनापती म्हणवून घेत होता. तो चोऱ्या घडवून आणी, चोरीचा माल मोबदला घेऊन मूळ मालकाला परत करी, आणि जो चोर ऐकेनासा होई त्याला पकडून देई. लोक त्याच्याकडे कृतज्ञतेने जात. १७२५ च्या मे महिन्यात त्याला फाशी झाली. लंडनला संघटित पोलीस दल मिळाले १८२९ साली, म्हणजे वाइल्डनंतर शंभरावर वर्षांनी. पोलीस आणि टोळीवाला पुढे केव्हातरी बिघडून एकत्र आले, ही आपली सर्वसाधारण समजूत आहे. येथे तर ते दोघे एकाच माणसात एकत्र होते आणि वेगळे नंतर झाले.

दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, बर्लिनमध्ये बेर्टोल्ट ब्रेख्तने एलिझाबेथ हाउप्टमान आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या साथीने हीच गोष्ट 'थ्री पेनी ऑपेरा' म्हणून रंगमंचावर आणली. तेथे पीचम भिकाऱ्यांचा मालक झाला आहे. त्याने लंडनचे विभाग पाडले आहेत आणि त्याचा परवाना घेतल्यावाचून कोणाला भीक मागता येत नाही. लॉकिटच्या जागी पोलीसप्रमुख टायगर ब्राऊन आला आहे. तो मॅकहीथचा हिंदुस्थानातल्या पलटणीतला जुना दोस्त. मॅकहीथ आपल्या प्रत्येक कामातला वाटा ब्राऊनकडे पोचवतो, ब्राऊन त्याच्या लग्नाला हजर राहतो, आणि ते लग्न एका तबेल्यात, चोरीच्या सामानसुमानात लागते. ब्राऊन भ्रष्ट आहे, पण त्याची मैत्री खोटी नाही. मॅकहीथला अटक करताना तो खरोखर रडवेला होतो. आमच्या मते ब्रेख्तने गेवर केलेली सर्वांत मोठी मात ती हीच. नुसत्या लाचेचे नाते प्रेक्षकाला सहज धिक्कारता येते. लाच आणि माया एकत्र आली की त्याला धिक्कार जड जातो.

मराठीत हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' या नावाने आणले. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने ते केले आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. याच दिग्दर्शकाने १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' उभे केले होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घाशीराम पुण्यात येतो, त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, आणि तो सूड म्हणून शहराचा कोतवालच होऊन बसतो. मग प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला परवाना लागू लागतो. ब्रेख्तच्या लंडनात परवाने टोळीवाला देतो, तेंडुलकरांच्या पुण्यात ते कोतवाल देतो. ज्याला परवाना मागायचा आहे त्याला हा फरक फारसा जाणवत असेल असे वाटत नाही.

गुन्हेगारी आणि सत्ता यांच्या अशा संबंधाला मराठीत 'साटेलोटे' म्हणतात. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशाही यांच्या ज्या संबंधांवर अहवाल दिला त्यांविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रांची लेखणी याच शब्दाकडे वळते. साटेलोटे म्हणजे मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली करणे. शब्दाचा हा अर्थ समोर ठेवून वरच्या नाटकांकडे पाहिले की एक गोष्ट आपोआप उठून दिसते. गेच्या नाटकात मॅकहीथवर हक्क सांगणाऱ्या दोघी, पॉली आणि ल्यूसी. एक पीचमची मुलगी, दुसरी लॉकिटची. ब्रेख्तने ल्यूसीला थेट पोलीसप्रमुखाची मुलगी केली. घाशीरामाने कोतवाली मिळवली ती पोटची मुलगी गौरी नाना फडणविसाच्या स्वाधीन करून, आणि त्या व्यवहारात जीव गेला तो गौरीचा. मृच्छकटिकातला शकार राजाचा मेहुणा आहे, म्हणून न्यायाधीश त्याला वचकून असतात. शर्विलकाचा मात्र येथे उपयोग नाही. तो एकटा, कलावंत चोर, त्याचे कोणाशीच साटेलोटे नाही.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकातला नगररक्षकही राजाचा मेहुणाच आहे. राजाची अंगठी विकायला निघालेल्या कोळ्याला त्याचे दोन शिपाई मारत मारत नेत आहेत. एकाचे हात शिवशिवत आहेत, कारण वधाला नेल्या जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात फुलांची माळ घालायची असते आणि ती त्याला घालायची आहे. एवढ्यात राजाकडून निरोप येतो, कोळी सुटतो, वर अंगठीच्या मोलाचे बक्षीस मिळते. कोळी त्यातले अर्धे शिपायांना देऊ करतो आणि म्हणतो, हे तुमच्या फुलांचे पैसे. क्षणापूर्वीचे मारेकरी आता त्याचे मित्र होतात आणि सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे निघतात. शकुंतलेच्या विरहाच्या अंकात कालिदासाने हे का घातले, याची उत्तरे आपण परीक्षेत लिहीत आणि लिहून घेत आलो आहोत. विनोदी विरंगुळा हे त्यातले सर्वांत सोपे उत्तर. कोळी निर्दोष आहे, हे मात्र त्या उत्तरात हरवते. निर्दोष सुटलेला माणूससुद्धा सुटल्याबद्दल अर्धी रक्कम देऊन बाहेर पडतो, आणि ती देताना हसतो.

आंख-मॉर्पोर्कमध्ये असे नातेगोते नाही. व्हेटिनारी कोणाचा मेहुणा नाही, कोणाचा पलटणीतला दोस्त नाही. त्याने साटेलोट्यातले साटे काढून टाकले आणि व्यवहार तेवढा ठेवला, तोही पावतीसह. म्हणून ते नगर स्वच्छ भासते. तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही ही कादंबरी कथानक सांगून आणि काही उतारे तोंडी भाषांतरित करून शिकवली, तेव्हा उपहासाचे उदाहरण म्हणून पावतीचा तपशील मुद्दाम रंगवून सांगितला होता. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी हसला नाही. त्याच्या वडिलांची वडापावची गाडी आहे. तो म्हणाला, "सर, पावती देतात म्हणजे चांगलंच आहे की. आमच्याकडे एक जण येतो, पैसे घेऊन जातो. पंधरा दिवसांनी दुसराच येतो. म्हणतो, तो कोण, आम्ही त्याला ओळखत नाही. पावती असती तर दाखवता तरी आली असती."

आम्ही ज्याला उपहास म्हणून शिकवत होतो तो त्याला आदर्श राज्याचा आराखडा वाटत होता. आणि तो अडाणीपणाने तसे वाचत नव्हता, आमच्यापेक्षा जवळून वाचत होता. उपहासाला एक अध्याहृत मध्यमवर्गीय वाचक लागतो. ज्याच्यावर कधी कोणी दोनदा हात मारलेला नाही, त्यालाच चोराची पावती हास्यास्पद वाटते. ज्याच्याकडून दोन दोन माणसे वसूल करतात त्याला पावती ही सुधारणा वाटते, तीही बरीच पुरोगामी.

त्या तासानंतर आम्ही शब्दांच्या मागे लागलो. (मराठीचे एम.ए. झालेल्या माणसांना दुसरे सुचते तरी काय?) 'हप्ता' हा फारसीतला आठवडा. आठवड्याला द्यायची रक्कम म्हणून तो मराठीत आला, आणि आज घरकर्जाचा हप्ता बँकेत भरणारा आणि गाडीचा हप्ता कोपऱ्यावर देणारा, दोघांच्या तोंडी तो एकच शब्द आहे. 'खंडणी'ची गोष्ट याहून बोलकी. ऐतिहासिक पत्रव्यवहारात खंडणी म्हणजे दुबळ्या संस्थानाने बलवंताला द्यायचा कर, त्यात लाजिरवाणे असे घेणाऱ्याला काही नव्हते. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटले की फोनवरची धमकी आठवते. चौथाईचेही तेच. आधी ती मोहिमेच्या बळावर वसूल होई. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून तिच्या आणि सरदेशमुखीच्या बादशाही सनदा आणल्या, आणि वसुली सनदशीर झाली. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीस ठेवायची होती. सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखातली लुटालूट थांबवायची, चोरांना शासन करायचे, नाही तर चोरीची भरपाई करून द्यायची. व्हेटिनारीने म्होरक्यांपुढे ठेवलेली अट याहून फार वेगळी नाही. चार्ल्स टिली या समाजशास्त्रज्ञाने १९८५ च्या एका निबंधात राज्यसंस्थेच्या उभारणीची तुलना संघटित गुन्हेगारीशी केली, तेव्हा त्याच्यापुढे युरोप होता. आपल्या दफ्तरांतही त्याला पुष्कळ सापडले असते. हे मराठ्यांना कमीपणा आणण्यासाठी लिहिलेले नाही, हे सांगावे लागते हीही आजची परिस्थितीच.

या साऱ्या व्यवस्थांत टेबलाशी बसलेल्यांचे बरे चालते. वाइल्डचे, पीचमचे, ब्राऊनचे, कोळ्याला मित्र म्हणणाऱ्या शिपायांचे. जो टेबलाशी नाही त्याच्याकडून किंमत वसूल होते. ब्रेख्तच्या नाटकात अगदी सुरुवातीला फिल्च नावाचा एक पोरगा पीचमच्या दुकानात येतो. त्याने परवान्यावाचून भीक मागितली म्हणून पीचमच्या माणसांनी त्याला आदल्याच दिवशी बडवले आहे. आता तो ज्यांनी मारले त्यांच्याकडेच परवाना मागायला आला आहे. पैसे भरतो, कमाईतला मोठा वाटा द्यायचे कबूल करतो आणि कामाला लागतो. प्रॅचेटच्या बिनपरवाना चोराला तर एवढीही जागा मिळत नाही. त्याचे काय होते हे एका विनोदी वाक्यात आटोपले जाते. परिस्थितीने पहिल्यांदाच पाव चोरणारा, ज्याला संघाचे प्रवेशशुल्क परवडत नाही, असा माणूस त्या नगरात असणारच. त्याला ना संघाचा आधार, ना गस्तीचा, आणि वाचकालाही त्याची आठवण राहत नाही.

येथून पुढे आम्हां दोघांत मतभेद आहे. एकाचे म्हणणे असे की, प्रॅचेट व्हेटिनारीच्या प्रेमात पडला आहे. कार्यक्षम हुकूमशहाचे आकर्षण मध्यमवर्गाला असतेच, ते त्याने विनोदाच्या वेष्टनात विकले. 'गार्ड्स! गार्ड्स!'च्या शेवटी गस्तीची माणसे नगर वाचवतात आणि बक्षीस म्हणून थोडी पगारवाढ, एक नवी किटली आणि बाण मारण्याचा फळा एवढेच मागतात. यात या पक्षाला पोलिसांची निरागसता दिसत नाही, त्यांना किती थोडक्यात गप्प करता येते ते दिसते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, पुढच्या कादंबऱ्यांत हीच गस्त वाढते, तिच्यात नाना जातीजमातींचे लोक येतात, व्हाइम्स शुद्धीवर येतो आणि मांडवलीला कुरतडू लागतो. शिवाय २००२ च्या 'नाईट वॉच'मध्ये प्रॅचेट त्याला तीस वर्षे मागे नेऊन टाकतो. तेव्हा चोरसंघाशी केलेली ही मांडवली नव्हती, आणि नगरात गुप्त पोलिसांचे छळघर होते. कायद्याची माणसेच तेथे तळघरात माणसांचे हाल करीत होती. पावतीची व्यवस्था कशानंतर आली हे वाचकाला त्या कादंबरीत कळते, आणि व्हेटिनारीच्या बाजूने दिलेली ती सर्वांत गंभीर साक्ष आहे. पहिल्या पक्षाचे त्यावर उत्तर असे की, याहून वाईट काही होते एवढ्यावर आजची व्यवस्था खपवून घ्यावी, हा युक्तिवाद प्रत्येक कोतवाल करीत आला आहे.

हा वाद शिक्षककक्षात बरेच दिवस चालू आहे. दरम्यान त्या विद्यार्थ्याने टाचणासाठी फिल्च हा विषय निवडला आहे, आणि 'नाईट वॉच'ची आमच्याकडे असलेली एकच प्रत सध्या त्याच्याकडे आहे.